बोटाच्या टोकाच्या सांध्यावरील पाण्याची गाठ : निदान आणि शस्त्रक्रिया

बोटाच्या शेवटच्या सांध्यालगत, नखाच्या मुळापाशी लहानशी चकचकीत गाठ दिसली, तर आधी नख पाहावे. नखावर मुळापासून टोकापर्यंत पन्हळीसारखी खोबण उमटली असेल, तर नख तयार करणाऱ्या थरावर गाठीचा दाब पडत आहे असे समजावे. कधीकधी गाठ दिसण्याआधीच ही खोबण येते. हुपरीत चांदीचे पैंजण जोडण्यात हयात घालवलेल्या एक बाई कोल्हापुरात माझ्याकडे आल्या, त्या बिघडलेल्या नखासाठीच. गाठीला त्या ‘फोड’ म्हणत आणि तो त्यांनी दोनदा सुईने फोडला होता.

हे कोणीही करू नये. गाठीची पोकळी बहुधा सांध्याशी जोडलेली असते, त्यामुळे सुईबरोबर शिरलेले जंतू थेट सांध्यात पोचू शकतात. डिंकाच्या घट्ट पाण्यासारखा द्रव निघून जातो खरा, परंतु गाठ बहुतेक वेळा पुन्हा भरते.

खोलीत अंधार करून गाठीला बारीक टॉर्च टेकवली की ती उजळते. उजळत नसेल आणि हाताला घट्ट लागत असेल, तर स्नायुबंधाच्या (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीच्या) आवरणाची गाठ किंवा गाऊटचा (युरिक अॅसिड साठून होणाऱ्या संधिवाताचा) खडा यांचा विचार करावा. एक्स-रे बोटाच्या बाजूनेही काढावा, कारण झिजलेल्या सांध्याच्या कडेला वाढलेले हाडाचे टोक त्यात स्पष्ट दिसते.

गाठ दुखत नसेल आणि त्वचा शाबूत असेल, तर नुसते लक्ष ठेवणे पुरते. त्वचा पातळ होऊन गाठ वारंवार फुटत असेल, नख बिघडत असेल किंवा वेदना होत असतील, तर शस्त्रक्रिया करावी. त्यासाठी फक्त बोट बधिर केले जाते. गाठीचा देठ सांध्यापर्यंत शोधून काढावा आणि ते हाडाचे टोकही तासावे. नुसती पिशवी काढल्यास गाठ परतण्याची शक्यता वाढते. बोट सरळ करणारा स्नायुबंध हाडाला चिकटतो तिथून नखाचे मूळ जेमतेम १ मिलिमीटरवर असते, म्हणून या टप्प्यावर घाई करणे महागात पडते. वरची त्वचा फार पातळ असल्यास शेजारची त्वचा वळवून जखम झाकावी लागते.

टाके साधारण १० ते १४ दिवसांनी काढतात. सांधा आखडू नये म्हणून बोटाची हालचाल, डॉक्टर सांगतील तेव्हा, लगेच सुरू करावी. नख महिन्याला सुमारे ३ मिलिमीटर वाढते, त्यामुळे खोबण पुढे सरकून कापली जायला चार-सहा महिने लागतात. हुपरीच्या बाईंनी मात्र तेवढी वाट न पाहता तिसऱ्याच आठवड्यात चिमटा हाती घेतला.