सहा दिवसांत पाच सामने: १८९९ च्या फुटबॉल दौऱ्याची तयारी

इथे फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल, तोही हेल्मेटची सक्ती आणि फॉरवर्ड पास (चेंडू पुढे फेकणं) यायच्या आधीचा; खालचे नियमही तेव्हाचेच. नमुना अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातल्या सुवानी कॉलेजच्या संघाचा. व्हँडरबिल्ट विद्यापीठाशी तिकिटांच्या पैशावरून बिनसलं आणि तो हक्काचा सामना हातचा गेला. बुडालेलं उत्पन्न भरून काढायला मॅनेजर ल्यूक ली याने ९ ते १४ नोव्हेंबरदरम्यान ऑस्टिन, ह्यूस्टन, न्यू ऑर्लिन्स, बॅटन रूज आणि मेम्फिस असे पाच सामने लावले. आगगाडीने सुमारे २,५०० मैल, मध्ये सुट्टी फक्त रविवारची, १२ तारखेची.

पहिलं काम बुटांचं. सुवानीचे बूट फलाटावरच राहिले, गाडी सुटल्यावर ते कळलं आणि तार करून मागवावे लागले, असं सांगतात. म्हणून प्रत्येक जोडाच्या नाड्या एकमेकींत गाठवून, नावाची चिठ्ठी बांधून सगळे एकाच ट्रंकेत भरावेत. ट्रंक चढली का, हे एकाच माणसाने बघावं. दोघांवर सोपवलं की दोघांनाही वाटतं, दुसऱ्याने बघितलं असेल. बुटांच्या तळाला चामड्याच्या गुट्ट्या ठोकलेल्या असतात. बाहेर आलेला खिळा किंवा लोखंडी पट्टी नियमाला चालत नाही. चामडं झिजलं की खिळ्याचं डोकं वर येतं, तेव्हा प्रत्येक सामन्यानंतर तळावरून अंगठा फिरवून बघावा. हातोडी, आरी, मेणाचा दोरा आणि चामड्याचे तुकडे सोबत हवेतच. परगावी रात्री मोची कुठे शोधणार?

कपडे म्हणजे मोलस्किन या जाड सुती कापडाच्या चड्ड्या, मांडीला आणि गुडघ्याला आतून गाद्या शिवलेल्या. वर कॅनव्हासचं जाकीट. ते पुढून दोरीने इतकं आवळायचं की प्रतिस्पर्ध्याच्या मुठीत कापड येऊ नये. अंगाला तेलकट किंवा चिकट काही फासायला बंदी आहे, त्यामुळे निसटायचं ते या आवळण्याच्या जोरावर. भिजलेलं कॅनव्हास रात्रीत वाळत नाही. डब्यात दोरी बांधायची सोय आधीच बघून ठेवावी. डोक्याला केसांचंच संरक्षण, तेव्हा हंगामाआधी कुणाला न्हाव्याकडे जाऊ देऊ नये. नाकासाठी रबरी नोज-गार्ड मिळतो, पण तो दातांत धरावा लागतो, आणि मग क्वार्टरबॅकला, म्हणजे चाल पुकारणाऱ्या खेळाडूला, खुणेचे आकडे ओरडता येत नाहीत. त्याला तो देऊच नये.

चेंडूसोबत जादा ब्लॅडर, म्हणजे आतली फुगवायची पिशवी, घ्यावं. फुगवून झाल्यावर त्याची मान दोऱ्याने आवळून, सरळ दुमडून वादीखाली दाबायची. तिरकी राहिली तर तिथे टेंगूळ येतं आणि लाथ बसली की चेंडू भरकटतो. हे बारीक वाटेल, पण गुणांचा हिशेब बघा: टचडाउनला (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे टेकवला की) ५, त्यानंतरच्या गोलला (लाथेने खांबांमधून मारला की) १. ऑस्टिनला टेक्सासवर १२–०, दुसऱ्या दिवशी ह्यूस्टनला टेक्सास ए अँड एमवर १०–०. आणि ३० नोव्हेंबरला ऑबर्नविरुद्ध ११–१०, म्हणजे अख्खा सामना एका गुणावर. टचडाउन जिथे टेकवला त्याच्या सरळ रेषेतच चेंडू मागे आणून गोल मारायचा असतो. कोपऱ्यात टेकवला तर कोन फार वाईट मिळतो. त्यावरचा उतारा पंट-आउट: गोलरेषेमागून एकाने चेंडू उडवायचा, समोरच्या सोबत्याने तो अलगद झेलायचा आणि तिथून गोल. झेल सुटला की संधी संपली, त्यामुळे निघण्याआधी सरावाचा बराच वेळ यालाच द्यावा.

माणसं निवडताना एवढं ध्यानात ठेवावं की मैदान सोडलेला खेळाडू त्या सामन्यात परत येत नाही. अर्धा खेळ ३५ मिनिटांचा, असे दोन. राखीव गडी दोन-तीन जागांवर खेळणारेच घ्यावेत. पट्ट्या, चिकटपट्टी, चोळायला अल्कोहोल आणि एक मालिशवाला. प्रवासात सराव करायचा नाही, नुसती मालिश आणि झोप.

पाणी घरचं. सुवानीने गावच्या झऱ्याची पिंपं सोबत नेली होती. परक्या पाण्याने एकाचं पोट बिघडलं तरी राखीव गडी खर्ची पडतो.

यजमानांकडून हमीची रक्कम, पंच आणि सामन्याची वेळ लेखी घ्यावी. परत आल्यावर ट्रंक रिकामी करू नये: ऑबर्ननंतर एकच दिवस सोडून, २ डिसेंबरला, अटलांटात सुवानीचा नॉर्थ कॅरोलायनाशी सामना होता.