ऐकू येतंय म्हणजे पोचतंय असं नाही: अमेरिकेतल्या वणव्यांवर रेडिओचं काम करायचं असेल तर

उन्हाळा जवळ आला की ओळखीतला कुणाचा तरी मुलगा नाहीतर भाची विचारतेच, की ताई तू त्या जंगलातल्या आगींवर रेडिओचं काम करतेस ना, मला पण करायचंय, काय करू. विचारणारे बरेचसे इलेक्ट्रॉनिक्सवाले असतात आणि त्यांना वाटतं की डिग्री आहे म्हणजे अर्धं काम झालं. नाही झालं. डिग्रीचा उपयोग होतो, नाही असं नाही, पण सगळ्यात शेवटी होतो, आधी चालता यावं लागतं आणि गप्प बसून ऐकता यावं लागतं.

एक गोष्ट आधीच सांगते म्हणजे कुणाचा वेळ जायला नको. फॉरेस्ट सर्व्हिसच्या, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी वनखात्याच्या, सीझनल नोकऱ्या यूएसएजॉब्स ह्या सरकारी वेबसाइटवरून भरतात आणि त्याला अमेरिकेचं नागरिकत्व लागतं, एफ-वन किंवा एच-वन व्हिसावर हे होत नाही, कुणी "मी बघतो काहीतरी" म्हणाला तरी होत नाही. तेव्हा हे सगळं इथे वाढलेल्या नाहीतर सिटिझन झालेल्या आपल्या पोरापोरींसाठी आहे. एस-130 आणि एस-190 हे वणव्याच्या कामाचे सुरुवातीचे कोर्स, रेड कार्ड म्हणजे आगीवर काम करायचं पात्रतेचं कार्ड, 45 पौंड पाठीवर घेऊन 45 मिनिटांत 3 मैल चालायची पॅक टेस्ट, हे तुम्हाला माहीत आहे असं धरून पुढे जाते.

आता जागा कशी असते ते डोळ्यासमोर आणा. आयडाहोतलं सॅमन-चॅलिस नॅशनल फॉरेस्ट घ्या, नकाशा उघडूनच बघा. 43 लाख एकर. राज्यातलं सगळ्यात उंच शिखर बोरा पीक, 12,662 फूट, ते ह्याच फॉरेस्टमध्ये, आणि सॅमन नदीची दरी काही ठिकाणी 6,000 फुटांहून खोल. फ्रँक चर्च विल्डरनेसचा मोठा भाग ह्यातच येतो, तिथे रस्तेच नाहीत. मोबाईलचं नाव काढू नका. 2022 च्या 17 जुलैला नॉर्थ फोर्क गावाजवळ मूस फायर लागली, कुणीतरी कॅम्पफायर न विझवता गेलं होतं, आणि ती वाढत वाढत 1,30,000 एकरांच्या वर गेली. एवढ्या मोठ्या आगीत एका टोकाचा क्रू दुसऱ्या टोकाशी सरळ बोलूच शकत नाही कारण आपला हातातला सेट 5 वॅटच्या आसपासचा असतो आणि व्हीएचएफ लहरी डोंगरातून आरपार जात नाहीत. आपल्याकडे एका खोऱ्यातून मारलेली हाक पलीकडच्या खोऱ्यात जात नाही, मधल्या धारेवर कुणीतरी उभा राहून पुढे ओरडावं लागतं, तसंच. धारेवरचा तो माणूस म्हणजे रिपीटर. फॉरेस्टचे स्वतःचे शिखरांवर कायमचे असतात, आणि आग मोठी झाली की बॉईसी शहरातल्या रेडिओ कॅशमधून, म्हणजे रेडिओच्या कोठारातून, पेट्यांत भरलेले पोर्टेबल रिपीटर येतात आणि हेलिकॉप्टरने डोंगरावर नेऊन ठेवतात.

इथवर सगळ्यांना कळतं. पुढचं नीट वाचा, कारण मी इथेच अडकले होते आणि नंतर दर सीझनला कुणीतरी नवीन इथेच अडकताना बघते.

एका फॉरेस्टच्या बऱ्याच रिपीटरची फ्रीक्वेन्सीची जोडी, एक बोलायची आणि एक ऐकायची, एकच असते. मग कुठला रिपीटर उघडायचा हे कसं ठरतं? टोनवरून. तुम्ही बटण दाबलं की आवाजाबरोबर एक बारीक स्वर जातो, स्पीकरमधून तो आपल्याला ऐकू येत नाही, पण रिपीटर तेवढ्याच स्वराची वाट बघत असतो, दुसरा कुठलाही आला तर ढिम्म. नेहमीच्या यादीत टोन 1 म्हणजे 110.9 हर्ट्झ, 2 म्हणजे 123.0, 3 म्हणजे 131.8, असं पुढे. सेटवर नंबर दाबून टोन निवडायचा असतो. हा टोन फक्त *पाठवताना* लागतो, ऐकताना बहुतेक वेळा सेट सगळंच उघडं ठेवतो.

म्हणजे काय होतं बघा. तुम्ही सकाळी पूर्वेच्या उतारावर होतात, तिथल्या शिखराचा टोन 2 लावलात. दुपारी क्रूबरोबर धार ओलांडून पश्चिमेच्या ओढ्यात उतरलात. आता पूर्वेचं शिखर धारेमागे गेलं, समोर दुसरं शिखर आहे आणि त्याचा टोन आहे 5. समोरच्या शिखरावरून डिस्पॅच म्हणजे कंट्रोल रूम बोलतंय, डिव्हिजन म्हणजे आगीच्या त्या भागाचा प्रमुख बोलतोय, कुणीतरी ह्युमिडिटी वाचून दाखवतंय, सगळं खणखणीत ऐकू येतंय. तुम्हाला वाटतं मी कॉम्समध्ये, म्हणजे संपर्कात, आहे. तुम्ही *नाही आहात*. तुम्ही बटण दाबता तेव्हा टोन 2 जातो, समोरचा रिपीटर तो ओळखत नाही आणि ज्याला तो ओळखता येतो तो धारेमागे बसलाय, त्याला तुम्ही दिसतच नाही. तुम्ही बोलता, उत्तर येत नाही, तुम्ही म्हणता बिझी असतील. परत बोलता. परत बिझी असतील. अनुभवी माणसालाही हे कळायला वेळ लागतो कारण कानात आवाज भरलेला असतो, आणि सेट मेलाय असं कुठूनच वाटत नाही.

टोन बरोबर असला तरी फरक राहतोच. रिपीटर उंचावर, अँटेना चांगली, पॉवर जास्त. तुम्ही खाली, छातीवरच्या हार्नेसमध्ये सेट, अँटेना तुमच्याच अंगाला चिकटलेली. त्याचा आवाज तुमच्यापर्यंत येणं सोपं, तुमचा त्याच्यापर्यंत जाणं अवघड. आणि हार्नेसमध्ये वाकताना कीपॅड दाबला जाऊन टोन आपोआप बदललाय हेही होतं, म्हणून कीपॅड लॉक ठेवा, रोज, विसरू नका.

तपासायचं कसं? बटण दाबून सोडलं की सोडल्यानंतर क्षणभर "खस्स" असा आवाज येतो, त्याला टेल म्हणतात, म्हणजे रिपीटर उघडला होता आणि आता बंद होतोय. एकदम मुकी शांतता आली तर तो उघडलाच नाही. पण नुसत्या टेलवरही जाऊ नका, रिपीटर उघडला म्हणजे माणसाने ऐकलं असं नाही, समोरच्याने तुमचा निरोप परत म्हणून दाखवला की मगच पोचला. माझा नियम एवढाच आहे की नवीन ओढ्यात उतरलं, धार ओलांडली, जेवून उठलं, की काही काम नसलं तरी एक रेडिओ चेक. लोक हसतात. हसू देत. उत्तर आलं नाही तर पन्नास पावलं वर चढा, अँटेना सरळ उभी धरा, टोन बदलून बघा, आणि तरी नाही झालं तर टॅकवर, म्हणजे रिपीटरशिवायच्या सरळ चॅनलवर, जो माणूस तुम्हाला दिसतोय त्याला सांगा की माझा निरोप पुढे दे. ह्युमन रिपीटर होण्यात किंवा कुणाला करण्यात काही कमीपणा नाही.

उलटा प्रकारही असतो. ऐकण्याच्या बाजूलाही टोन लावता येतो, त्याला टोन गार्ड म्हणतात, तो चुकीचा भरला तर समोरचा जीव तोडून बोलत असतो आणि तुमचा सेट गप्प. ॲरिझोनात 30 जून 2013 ला यार्नेल हिल फायरमध्ये ग्रॅनाइट माउंटन हॉटशॉट्स ह्या वणवे विझवणाऱ्या खास क्रूचे 19 जण गेले, त्याच्या अधिकृत चौकशी अहवालात लिहिलंय की त्या दिवशी रेडिओचा त्रास सतत होता आणि काही सेटमध्ये टोन गार्ड बरोबर भरलेले नव्हते, क्रूंनी ते ओळखून पर्याय काढले होते. तेवढ्यामुळे ते गेले असं अहवाल म्हणत नाही आणि मीही म्हणत नाही. पण कुणी मला "टोन हा किरकोळ विषय आहे" म्हणालं की मी तो परिच्छेद वाचायला देते. पॉल ग्लीसन ह्या अनुभवी वणवा विझवणाऱ्याने 1991 मध्ये एलसीईएस हा सुरक्षेचा चार शब्दांचा नियम मांडला, लुकआउट, कम्युनिकेशन, एस्केप रूट, सेफ्टी झोन, त्यात कम्युनिकेशन दुसऱ्या नंबरवर आहे ते उगाच नाही, लुकआउटला आग दिसली पण सांगता आली नाही तर त्याच्या दिसण्याचा तुम्हाला काय उपयोग.

घाबरलात का? घाबरू नका एवढं. हे सगळं दोन आठवड्यांत हाताला बसतं, खरंच बसतं.

शॉर्टकटबद्दल मात्र माझं मत कडू आहे. मोठ्या आगीवर गेलात की सगळे क्लोन केबल घेऊन फिरत असतात, एका सेटमधलं सगळं दुसऱ्यात ओतायचं, मिनिटाचं काम. करा, सगळेच करतात. पण त्यात त्या सेटच्या चुकाही जशाच्या तशा येतात आणि मग अख्खा क्रू एकसारखा चुकतो. क्लोन झाल्यावर सकाळच्या प्लॅनमधलं आयसीएस 205 चं पान, म्हणजे त्या आगीवरच्या चॅनल आणि टोनची यादी, काढा आणि एकेक चॅनल बोट ठेवून जुळवा. आणि कुठला शिखरावरचा रिपीटर कुठल्या टोनचा हे स्वतःच्या हाताने नकाशावर लिहा. फोनमध्ये फोटो काढून ठेवणारे बघितलेत मी, फोनची बॅटरी गेल्यावर त्यांचा चेहराही बघितलाय.

मेंटॉर हा आणखी एक माझा नाजूक विषय. लिंक्डइनवर "वाइल्डफायर टेक" लिहिणाऱ्यांच्या मागे लागू नका, त्यांना ड्रोनबद्दल बोलायचं असतं. मला जे आलं ते एका म्हाताऱ्या डिस्पॅचर बाईंकडून, त्यांना ओहमचा नियम येत होता की नाही मला माहीत नाही, पण कुठल्या ओढ्यातून कुठल्या वेळी आवाज तुटतो हे पाठ होतं. त्या म्हणायच्या, आधी वाक्य मनात पूर्ण कर, मग दाब, दाबल्यावर एक श्वास थांब, मग बोल. बरोबर होतं, कारण रिपीटर उघडायला क्षण लागतो आणि घाईत पहिला शब्दच खाल्ला जातो. जो रेडिओवर नवीन पोरांवर ओरडतो तो कितीही अनुभवी असला तरी मेंटॉर नाही, त्याच्या भीतीने पोरं बोलायचंच थांबवतात आणि ते सगळ्यात वाईट.

बोलण्याबद्दल थोडं. आधी ज्याला बोलावताय त्याचं नाव, मग तुमचं. कोड नाहीत, साधी भाषा. आपल्या उच्चारांची लाज वाटू देऊ नका, फक्त आकडे सुटे सांगा, फिफ्टीन आणि फिफ्टीचा घोळ खरखरीत कुणाचाही होतो, म्हणून "वन फाइव्ह". मीही पहिल्या सीझनला माझ्या इंग्लिशची फार काळजी केली, अजूनही थकले की करते, पण लोकांना तुमचा ॲक्सेंट नको असतो, लोकेशन हवं असतं.

हॅम, म्हणजे हौशी रेडिओचं, लायसन्स असेल तर उत्तम, रिपीटर आणि टोन डोक्यात लवकर शिरतात. पण स्वस्तातला चायनीज सेट घेऊन फॉरेस्टच्या फ्रीक्वेन्सीवर "मदत" करायला जाऊ नका, कधीच. 2021 ला आयडाहोतच एल्क रिव्हरजवळच्या जॉन्सन फायरवर एका हॅमवाल्याने आगीच्या चॅनलवर बोलून क्रूंना माहिती द्यायला सुरुवात केली, हेतू कदाचित वाईट नसेलही, पण एफसीसीने, म्हणजे रेडिओवर नियंत्रण ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, पुढच्या वर्षी त्याला 34,000 डॉलरचा दंड प्रस्तावित केला. एअर गार्ड म्हणजे विमानांशी बोलायच्या आणीबाणीच्या चॅनलची 168.625 मेगाहर्ट्झ सुद्धा जीवावर बेतल्याशिवाय दाबायची नाही, विमानं ती सतत ऐकत असतात.

राहिला प्रश्न सुरुवात कुठून करायची त्याचा. कॅम्पमधला रेडिओ ऑपरेटर व्हायला ती 45 पौंडांची टेस्ट लागत नाही, तंबूत बसून लॉग लिहायचा, सगळ्यांचं ऐकायचं, कंटाळा येतो, पण शिकायला ह्याच्यासारखी जागा नाही. तरी माझं म्हणणं एक सीझन तरी इंजिनवर (आगीच्या बंबावर) नाहीतर क्रूवर, लाइनवर म्हणजे प्रत्यक्ष आगीच्या कडेला काढा, मग तंबूत बसा. लाइनवर मूळ पगारावर 25 टक्के हॅझर्ड पे, म्हणजे जोखमीचा भत्ता, मिळतो, तंबूत मिळत नाही, हाही एक मुद्दा आहेच. आणि अर्ज मेमध्ये करू नका रे बाबांनो, तोवर बहुतेक जागा भरलेल्या असतात, आधीच्या वर्षीच्या शरदात यूएसएजॉब्सवर लक्ष ठेवायला लागा, रेझ्युमेत एकेका कामाचे महिने आणि आठवड्याचे तास लिहा, नाहीतर पहिल्या चाळणीतच बाहेर पडाल. बॅग भरताना सेटचा एए सेलवाला बॅटरी डबा आहे का बघा आणि सेलची जास्तीची पाकिटं घ्या, चार्जर लावायला तिथे काही नसतं.