स्तनकर्करोगाचे रुग्णप्रतिनिधी व्हायचंय? आधी संशोधनाचे प्रस्ताव वाचायला शिका

१९७४च्या सुमारास अमेरिकेत गाठ तपासायला भूल द्यायचे आणि कर्करोग निघाला तर त्याच भुलीत स्तन काढून टाकायचे. बाईला ते कळायचं शुद्धीवर आल्यावर. पत्रकार रोझ कुशनर यांनी स्वतःच्या आजारात बायॉप्सी (गाठीचा तुकडा काढून तपासणं) आणि शस्त्रक्रिया वेगवेगळ्या करण्याचा हट्ट धरला, शोधनिबंध वाचून काढले आणि १९७९मध्ये राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या तज्ज्ञ पॅनेलवर बसल्या. त्या पॅनेलने दोन टप्प्यांचीच शिफारस केली. नुसत्या संतापावर हे झालं नसतं.

१९९१मध्ये नॅशनल ब्रेस्ट कॅन्सर कोअलिशन ही रुग्णसंघटनांची आघाडी उभी राहिली आणि पुढच्याच वर्षी अमेरिकी काँग्रेसने संशोधनासाठी २१ कोटी डॉलर मंजूर केले, तेही संरक्षण खात्याच्या अंदाजपत्रकातून. नागरी खर्चाला तेव्हा कायद्याने मर्यादा होती, म्हणून ही वाट. हा पैसा मागणाऱ्या संशोधन-प्रस्तावांच्या छाननीत १९९५पासून रुग्णप्रतिनिधी, म्हणजे रुग्णांच्या बाजूने बोलणारी माणसं, शास्त्रज्ञांच्या बरोबरीने मत देतात. विज्ञानाची पदवी लागत नाही, पण एखाद्या रुग्णसंघटनेने तुमचं नाव सुचवावं लागतं. म्हणून आधी संघटनेत काम करा.

प्रस्ताव हातात आला की पहिल्यांदा सामान्य वाचकांसाठीचा सारांश वाचा. तोच समजत नसेल तर तसं स्पष्ट लिहा, ती प्रस्तावाचीच उणीव आहे. मग मोजमाप कशाचं होणार ते शोधा. आजार न वाढता गेलेला काळ लांबला म्हणजे बाई जास्त जगली असं नव्हे. धोका 'निम्म्याने कमी' म्हटलंय? तो २ टक्क्यांवरून १ टक्क्यावर आला असेल, तर शंभरातल्या एकीलाच फायदा, दुष्परिणाम मात्र कितीतरी जणींना. जास्तीच्या बायॉप्सी किती, दवाखान्याच्या फेऱ्या किती, रजा आणि प्रवासाचं काय, हेही विचारा. हे प्रश्न शास्त्रज्ञांना सहसा सुचत नाहीत. पेशींच्या रसायनावर टिप्पणी करण्यात मात्र वेळ घालवू नका, ते काम करणारे बैठकीत पुष्कळ असतात.

तुलनेचा गट कोणता, म्हणजे नवा उपचार कशाशी ताडून पाहणार, हा प्रश्न कधीही सोडू नका. १९९०च्या दशकात जबर मात्रेची केमो आणि अस्थिमज्जा प्रत्यारोपण मिळावं म्हणून विमा कंपन्यांवर खटले झाले, दबाव आला. हजारो स्त्रियांनी ते उपचार घेतले, काही त्यातच दगावल्या. उपचार सर्रास मिळू लागल्यामुळे चाचणीत भाग घ्यायला स्त्रिया मिळेनात आणि उत्तर लांबलं. १९९९मध्ये निकाल आले तेव्हा साध्या केमोपेक्षा जास्त फायदा दिसला नाही. ठळक फायदा दाखवणारी दक्षिण आफ्रिकेतली चाचणी पुढे खोटी ठरली. उपचार मिळवून देणं आणि उपचार चालतो का हे विचारणं, यात नवा माणूस पहिल्याकडेच ओढला जातो.

बैठकीत स्वतःच्या आजाराची हकिगत सांगायचा मोह होतो. एका वाक्यात सांगा, तीही मुद्द्याला लागत असेल तरच. तुमच्या उपचारांवरून सगळ्या रुग्णांबद्दल बोलू नका. आजार इतरत्र पसरलेल्या स्त्रियांच्या गरजा वेगळ्या असतात आणि बहुतेक वेळा त्यांच्यापैकी कुणी खोलीत नसतं. अर्जदाराशी किंवा औषध कंपनीशी पैशाचा संबंध असेल तर आधीच कळवून त्या प्रस्तावापुरते बाजूला व्हा. प्रस्ताव गोपनीय असतात. संघटनेतल्या सहकाऱ्यालाही दाखवायचे नाहीत.