गाडी धुतल्यावर पुसायची कशी: ना ओघळ, ना ओरखडे

दुपारच्या उन्हात काळ्या किंवा गडद निळ्या गाडीच्या बोनेटकडे नीट बघा. सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती बारीक रेषांची गोल गोल वलयं दिसतील. नुसती धूळ बसल्याने ती पडत नाहीत. ती धूळ कोणीतरी फडक्याने घासल्यामुळे पडतात. रंगावरचा क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर, साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा असतो, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही बारीक. फडक्यात अडकलेला वाळूचा एक कण त्याच्यावर चरा उमटवायला पुरतो.

ओघळांचं कारण वेगळं. पाणी उडून जातं आणि त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार तिथेच बसतात. बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर हा त्रास जास्तच. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरमागे 200 मिलिग्रॅमपर्यंतचा कठीणपणा, म्हणजे या क्षारांचं प्रमाण, योग्य धरला आहे, दुसरं पाणीच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. म्हणजे पिण्याला चालणारं पाणीसुद्धा बोनेटवर पांढरे ठिपके ठेवून जाऊ शकतं. म्हणून सगळा खटाटोप दोनच गोष्टींसाठी करायचा: पाणी आपोआप सुकू द्यायचं नाही आणि रंगाला हात कमीत कमी लावायचा.

आधी जागा आणि टॉवेल

गाडी सकाळी लवकर किंवा सावलीत धुवा. नुकतीच चालवून आणली असेल तर बोनेट हाताला गार लागेपर्यंत थांबा. तापलेल्या पत्र्यावर टॉवेल पोचायच्या आधीच पाणी सुकलेलं असतं.

जुना बनियन, साडीचा तुकडा, पेट्रोल पंपाबाहेर मिळणारा पिवळा फडका, हे सगळं काचेच्या आतल्या बाजूला किंवा चाकांना ठेवा. शिवण, बटण, धागे यांचं रंगावर काही काम नाही. मायक्रोफायबरचा मोठा टॉवेल घ्या, साधारण 60 बाय 90 सेंटीमीटरचा. पाकिटावर जीएसएम लिहिलेलं असतं, म्हणजे चौरस मीटरमागे वजन किती ग्रॅम. सुकवायला 600 च्या पुढचा बरा. लव लांब असली की एखादा कण राहिलाच तर तो लवेत आत जातो, रंगावर घासला जात नाही. सपाट शॅमॉयमध्ये, म्हणजे चामड्यासारख्या गुळगुळीत फडक्यात, ही सोय नसते, म्हणून तो मी रंगाला लावत नाही. टॉवेलचं लेबल कात्रीने काढून टाका. जोडीला एक छोटा टॉवेल असू द्या.

शेवटचं पाणी

अर्धं सुकवणं इथेच होतं, आणि बहुतेक जण नेमकं हेच गाळतात. साबण निघाला की पाइपचं नोझल काढा आणि टपावरून पाणी हळू, सलग सोडा. फवाऱ्याने हजार थेंब मागे राहतात, संथ धार मात्र खाली जाताना थेंबांनाही ओढून नेते. गाडीला वॅक्स असेल तर बरंचसं पाणी असंच निघून जातं. पाइप नसेल तर पाण्याने भरलेला मग पत्र्याजवळ नेऊन हळू ओता.

बोअरच्या पाण्याने गाडी धुतली तरी शेवटची बादली नळाच्या पाण्याची घ्या. आरओमधून बाहेर पडणारं वाया जाणारं पाणी गाडी धुवायला वापरावं हे खरं, पण शेवटच्या हाताला ते नको, क्षार सगळे त्यातच गोळा झालेले असतात. त्यापेक्षा एसीच्या नळीखाली साठलेलं पाणी कापडातून गाळून वापरा. हवेतली वाफ गार होऊन बनलेलं ते पाणी, त्यात क्षार जवळपास नसतातच.

आता पुसा

टॉवेल पाण्यात बुडवून घट्ट पिळून घ्या. किंचित ओला टॉवेल कोरड्यापेक्षा चटकन पाणी ओढतो.

टपापासून सुरुवात करा, मग काचा, बोनेट, डिकी, दारं. टॉवेल पसरून ठेवा, दोन टोकं धरा आणि सावकाश आपल्याकडे ओढा. वरून दाब द्यायचा नाही. दारांसारख्या उभ्या भागावर टॉवेल टेकवायचा आणि उचलायचा. हात गोल फिरवायची सवय मोडा. चरा पडलाच तर सरळ रेषेतला पडू दे, तो कमी नजरेत येतो. टॉवेल दोनदा दुमडला की वापरायला आठ बाजू मिळतात, एक भिजली की दुसरी काढा.

दाराचा खालचा पट्टा आणि चाकं शेवटी, आणि तीही वेगळ्या कापडाने. टॉवेलवर मातकट डाग उमटला तर गाडी नीट धुतली गेलेली नाही. पुसत बसू नका, तेवढा भाग पुन्हा धुवा. टॉवेल खाली जमिनीवर पडला तर त्या दिवसापुरता तो बाद.

लपून बसलेलं पाणी

आरसे, दारांच्या मुठी, नंबर प्लेट, इंधनाचं झाकण, काचेखालचं रबर. गाडी लख्ख झाली म्हणून आपण वळतो आणि पाच मिनिटांत आरशाखालून ओघळ येतो. घरात धूळ उडवायचा छोटा ब्लोअर असेल तर या फटींमध्ये फिरवा. दारं आणि डिकी उघडून कडा छोट्या टॉवेलने टिपा. मग गल्लीच्या टोकापर्यंत एक चक्कर मारा आणि दोन-तीनदा ब्रेक दाबा. डिस्कवर चढलेला तांबूस गंज निघतो आणि ब्रेक कोरडे होतात. ओल्या ब्रेकवर हँडब्रेक ओढून गाडी आठवडाभर सोडली तर तो चिकटून बसू शकतो.

डाग राहिलाच तर

ताजा असेल तर पांढरा व्हिनेगर आणि तेवढंच शुद्ध पाणी एकत्र करा, कापडावर घेऊन मिनिटभर टेकवा, पुसा आणि लगेच धुवा. हेही सावलीतच. बाथरूमच्या फरशीचं ॲसिड गाडीजवळ आणू नका. नखाने खरवडणं तर नकोच. महिनोन्‌महिने बसलेला डाग क्लिअर कोट खात आत गेलेला असतो, त्याला पॉलिशच लागतं.

रोजच्या फडक्याचं काय?

सोसायटीत सकाळी गाड्या पुसणाऱ्या काकांना एका बादलीत दहा-बारा गाड्या उरकायच्या असतात. दोष त्यांना देऊन उपयोग नाही. त्यांना आपला वेगळा टॉवेल द्या आणि सांगा, रोज फक्त काचा पुसा, बाकी गाडी आठवड्यातून एकदा भरपूर पाण्याने. बाजूला बांधकाम चालू असेल तर हे सांगायलाच हवं, कारण त्या धुळीत वाळू असते.

टॉवेल सुती कपड्यांबरोबर धुवू नका, सुताचे तंतू लवेत अडकतात. पातळ डिटर्जंट चालतं. कपडे मऊ करणारं कंडिशनर मात्र वर्ज्य, त्याचा थर धाग्यांवर बसतो आणि टॉवेल पाणी शोषायच्या ऐवजी नुसतं पसरवत राहतो.