यलोस्टोनमधले मोठे प्राणी ओळखायचे तर आधी पाठ बघा, रंग शेवटी

अमेरिकेतल्या यलोस्टोन, ग्रँड टीटन किंवा कॅनडातल्या बॅन्फ-जॅस्पर या राष्ट्रीय उद्यानांच्या बाजूला फिरताना दूर कुठेतरी तपकिरी ठिपका हलतो आणि गाडीतले चौघं चार नावं घेतात. चूक बहुतेकदा एकाच गोष्टीची असते, ती म्हणजे आधी रंग आणि आकार बघण्याची. मोकळ्या माळावर जवळपास झाड किंवा कुंपण नसेल, तर आकाराचा अंदाज हमखास फसतो. रंग तर ऋतूप्रमाणे आणि उन्हाप्रमाणे बदलतो. म्हणून पाठीची रेषा, मग चेहरा, मग पुठ्ठा (शेपटीजवळचा मागचा भाग) आणि शेवटी रंग, या क्रमाने बघा. ८×४२ची (आठपट जवळ दाखवणारी) दुर्बीण पुरते. पहाटे आणि संध्याकाळी बघा, दुपारी बरेच प्राणी सावलीत बसून असतात.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो तिथल्या दोन अस्वलांचा: काळं अस्वल आणि ग्रिझली (तिथलं तपकिरी अस्वल). 'काळं अस्वल' हे नुसतं नाव आहे. पश्चिमेकडच्या डोंगरांत ते तपकिरी, दालचिनी रंगाचं, अगदी भुरकंही असतं. ग्रिझलीच्या खांद्यावर बैलाच्या वशिंडासारखा स्नायूंचा उंचवटा असतो, कारण हा प्राणी पुढच्या पायांनी जमीन उकरून खातो. चार पायांवर उभ्या ग्रिझलीचा खांदा सर्वांत उंच दिसतो, काळ्या अस्वलाचा मागचा भाग. पण काळं अस्वल मान खाली घालून चरत असेल, तर त्याचाही खांदा वर येतो आणि वशिंड असल्याचा भास होतो. त्याने डोकं वर काढेपर्यंत थांबा, मगच ठरवा. चेहरा एका बाजूने बघा. ग्रिझलीचा कपाळ ते नाक हा भाग बशीसारखा खोलगट आणि कान आखूड, गोल असतात. काळ्या अस्वलाची ती रेषा सरळ आणि कान उंच. ग्रिझलीची पुढची नखं ५ ते १० सेंटीमीटर लांब, फिकट रंगाची आणि बरीचशी सरळ असतात, त्यामुळे दुर्बिणीतून दिसतातही. काळ्या अस्वलाची नखं आखूड, गडद आणि आकड्यासारखी वळलेली, झाडावर चढायला सोयीची. यांतली एकच खूण दिसली तर नोंदीत फक्त 'अस्वल' लिहा. दोन-तीन खुणा जुळल्याशिवाय जात ठरवू नका.

लांडगा ओळखताना मराठी माणसाची वेगळीच फसगत होते. सोलापूर किंवा सासवडकडच्या माळरानावरचा लांडगा जेमतेम २० किलोचा, सडपातळ. तो डोळ्यांत बसलेला असला की यलोस्टोनमधली कायोटी (लांडग्याची लहान, कोल्ह्यासारखी भाऊबंद) बघून 'लांडगा!' असं तोंडून निघतं. १९९५ पासून तिथे पुन्हा सोडलेल्या लांडग्यांची आजची पिढी साधारण ४० ते ५५ किलोची आहे, तर कायोटी क्वचितच २० किलोच्या वर जाते. कायोटीचं थोबाड निमुळतं आणि कान मोठे, टोकदार असतात. लांडग्याचं थोबाड रुंद, कान तुलनेने आखूड, पाय लांब आणि पंजे मोठे. काळा लांडगाही तिथे नेहमीचाच. यलोस्टोनच्या लमार खोऱ्यात उजाडताना बघितलेत तर शक्यता चांगली असते.

मूस आणि एल्क या दोन मोठ्या हरणांच्यात नावाचा घोळ आहे. युरोपात ज्याला 'एल्क' म्हणतात, तो अमेरिकेतला मूस. अमेरिकेतला एल्क सांबराच्या जवळचा: अंग फिकट, मान गडद आणि पुठ्ठा मलईच्या रंगाचा. मूसचा पुठ्ठा अंगासारखाच काळपट, नाक लोंबतं आणि गळ्याखाली पिशवीसारखी पोळी लोंबते. शिंगांवर विसंबू नका. मूसची शिंगं फावड्यासारखी पसरट आणि एल्कची मागे झुकलेली, फांद्यांची असतात हे खरं, पण माद्यांना शिंगं नसतात आणि नरांची दर वर्षी गळतात. मूस बघायचा तर पाणथळ जागा आणि वाळुंजाची झुडपं शोधा.

हरणांची शेपूट बघा. म्यूल डिअरची शेपूट दोरीसारखी, काळ्या टोकाची आणि कान भलेमोठे. पांढऱ्या शेपटीचं हरीण पळताना शेपूट निशाणासारखी उभारतं. माळावरचा प्राँगहॉर्न (हरणासारखा दिसणारा प्राणी) पांढऱ्या पुठ्ठ्यावरून आणि गळ्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांवरून ओळखू येतो.

बायसन (अमेरिकेतला केसाळ रानबैल) ओळखायला सोपा, पण तो आपला गवा नव्हे. गव्याचे पाय गुडघ्याखाली पांढरे असतात, बायसनचे नसतात. बायसनच्या डोक्या-खांद्यावर दाट लोकर असते. शिंगं नर-मादी दोघांनाही असतात. नराची बुडाशी जाड, मादीची बारीक. शेपूट उभी झाली की लगेच मागे व्हा, हा प्राणी ताशी ५५ किलोमीटरने धावतो. यलोस्टोनचा नियम असा: अस्वल, लांडगा आणि कूगर (डोंगरी सिंह) यांच्यापासून १०० यार्ड (सुमारे ९१ मीटर), बाकी मोठ्या प्राण्यांपासून २५ यार्ड (सुमारे २३ मीटर). हात लांब करून अंगठा धरा. प्राणी त्याआड पूर्ण लपला नाही, तर तुम्ही फार जवळ आहात.

प्राणी दिसला नाही, पण चिखलात अस्वलाच्या पुढच्या पायाचा ठसा मिळाला, तर शेजारी बँकेचं कार्ड (८.५ सेंटीमीटर लांब) ठेवून सरळ वरून फोटो घ्या. अस्वलाचं सर्वांत मोठं बोट बाहेरच्या बाजूला असतं. त्याच्या बुडापासून तळव्याच्या गादीच्या वरच्या कडेला टेकून रेघ ओढा. आतलं धाकटं बोट अर्ध्याहून जास्त रेघेच्या वर असेल तर ग्रिझली, खाली असेल तर काळं अस्वल. घसरलेल्या किंवा अर्धवट वितळलेल्या बर्फातल्या ठशावर ही रेघ ओढू नका. तिथे बोटं पसरतात आणि उत्तर चुकतं.