हॉटेल बुकिंगसाठी रेडिस क्लस्टर: डिसेंबरआधीची मांडणी

पणजी, म्हापसा आणि मडगावच्या काउंटरांवरची खोल्यांची चौकशी एकाच डेटाबेसवर आदळत असेल, तर मध्ये रेडिस क्लस्टर (माहिती मेमरीत ठेवून झटपट देणाऱ्या सर्व्हरांचा समूह) बसवा. किमान ३ मुख्य नोड (समूहातले रेडिस सर्व्हर) लागतात. प्रत्येकाची एक प्रतिकृती धरून ६. मुख्य नोड आणि त्याची प्रतिकृती एकाच मशीनवर कधीही नको. नोड तीन शहरांत पसरवण्याचा मोह मात्र टाळाच: पावसाळ्यात फायबर तुटली की अल्पमतातला (कमी मुख्य नोड उरलेला) भाग नोंदी घेणं थांबवतो.

कुठली ‘की’ (नोंदीचं नाव) कुठल्या नोडवर जाईल हे १६३८४ स्लॉटांवरून (कप्प्यांवरून) ठरतं. फायरवॉलमध्ये रेडिसच्या नेहमीच्या ६३७९ सोबत नोडांच्या आपसातल्या संवादाचं १६३७९ हे पोर्टही उघडा, नाहीतर क्लस्टर जोडणीची वाट पाहत अडकून राहतो.

८ जीबीच्या मशीनवर मॅक्समेमरी (रेडिसच्या मेमरीची मर्यादा) ५ जीबी ठेवा. स्नॅपशॉट (डेटाची डिस्कवरची प्रत) घेताना जास्तीची मेमरी लागते. मर्यादा भरली की मूळ सेटिंग नव्या नोंदी नाकारतं, म्हणून धोरण ऑलकीज-एलआरयू (बराच काळ न वापरलेल्या नोंदी आधी काढणारं) करा.

खरी मेख नोंद आपोआप पुसली जाण्याच्या मुदतीत आहे. एकाच वेळी भरलेल्या सगळ्या नोंदींना ३०० सेकंद दिले, तर त्या एकदमच संपतात आणि नाताळच्या गर्दीत डेटाबेस झोपतो. प्रत्येक नोंदीच्या ३०० मध्ये ० ते ६० मधला कुठलाही आकडा मिळवा. खोली विकली गेली की आधी डेटाबेस बदला, मग रेडिसमधली ‘की’ पुसा. क्रम उलटा झाला तर मधल्या क्षणी दुसरी विनंती जुनीच माहिती परत भरते. अंतिम बुकिंग नेहमी डेटाबेसमध्येच तपासा; प्रतिकृती किंचित मागे असू शकते.