वडापावच्या तेलातून सोलकेटल, लॅबमध्ये कसं बनवायचं

मुंबईत वापरलेल्या तळणीच्या तेलाचं बायोडिझेल करतात, त्यात वजनाने साधारण दहावा भाग ग्लिसरॉल उरतं. त्याची अ‍ॅसिटोनशी रिअ‍ॅक्शन करून सोलकेटल नावाचं लिक्विड करता येतं (सोबत पाणी सुटतं), ते सॉल्व्हंट म्हणून चालतं आणि पेट्रोलमध्ये अ‍ॅडिटिव्ह म्हणूनही.

कॅटॅलिस्ट (रिअ‍ॅक्शनचा वेग वाढवणारा पदार्थ) म्हणून अ‍ॅम्बरलिस्ट-१५ घ्या, सल्फोनिक अ‍ॅसिड लावलेले रेझिनचे मणी. आधी १०० डिग्रीला ओव्हनमध्ये रात्रभर सुकवा आणि डेसिकेटरमध्येच (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) ठेवा, कारण आपल्याकडच्या पावसाळ्यात ते हवेतलं पाणी ओढतात, आणि ही रिअ‍ॅक्शन रिव्हर्सिबल आहे, पाणी वाढलं की मागे फिरते. १२० च्या वर मात्र नेऊ नका, रेझिन खराब होतं.

४६ ग्रॅम ग्लिसरॉल, ११६ ग्रॅम अ‍ॅसिटोन (म्हणजे मोलमध्ये १:४), रेझिन अडीच ग्रॅमच्या आसपास. कंडेन्सर लावून ५० डिग्री, अ‍ॅसिटोन ५६ लाच उकळतं त्यामुळे बर्नर बिलकुल नको, वॉटर बाथ वापरा. सुरुवातीला खाली पाकासारखा थर दिसेल, घाबरू नका, सोलकेटल बनायला लागलं की दोन्ही मिसळून एकच लिक्विड होतं. ढवळायला मॅग्नेट नको, मणी चिरडतात, वरून स्टरर लावा.

झालं की आधी गाळा, मग अ‍ॅसिटोन उडवा, मग व्हॅक्यूम डिस्टिलेशन, म्हणजे कमी दाबाखाली उकळवून सोलकेटल वेगळं काढा. मणी मेथनॉलने धुऊन सुकवून परत वापरा.

आणि बायोडिझेलमधून आलेलं कच्चं ग्लिसरॉल थेट टाकायचा मोह आवरा राव, त्यातलं सोडियम अ‍ॅसिडची जागा बळकावतं आणि कॅटॅलिस्ट गार पडतो, तसं झालंच तर मणी पातळ सल्फ्युरिक अ‍ॅसिडने धुवा, नंतर भरपूर पाण्याने, आणि पुन्हा ओव्हन.